बर्नआऊट (गाडीचा, आपला नव्हे)

मंडळी, शीर्षक वाचून बऱ्याच जणांना वाटलं असेल की आता हा क्लायंट कॉल, अप्रेझल आणि मॅनेजर यांच्या नावाने रडगाणं लावणार. नाही लावणार. तो बर्नआऊट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यावर एचआरवाले अधूनमधून वेबिनार ठेवतात आणि तो वेबिनार बरोब्बर रिलीजच्या आठवड्यात येतो. आजचा बर्नआऊट अस्सल आहे. यात खरंखुरं रबर जळतं, पांढरा धूर निघतो, आणि शेजारच्या काकू गॅलरीत येऊन "काहीतरी जळतंय का हो?" असं विचारतात.

म्हणजे नेमकं काय, तर गाडी जागेवर उभी आणि इंजिनला जोडलेली चाकं मात्र जोरात गरगर फिरतायत. बघणाऱ्याला वाटतं, नुसता माज आहे. रस्त्यावर करतात तो माजच असतो, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ रेषेत पाव मैल (४०२ मीटर) कोण आधी कापतो या खेळात, त्याला कारण आहे. टायरला चिकटलेली माती-खडी निघून जाते आणि रबर तापून मऊ होतं. मऊ रबर डांबरातल्या खडीच्या बारीक उंचसखल भागात घुसून पकड घेतं. पकड चांगली, तर सुटताना चाक घसरत नाही. इतकं साधं आहे. निदान मला तसं वाटत होतं.

हा विषय माझ्या गळ्यात पडला तो धाकट्यामुळे. धाकटा म्हणजे माझा चुलतभाऊ. तेव्हा वय बावीस, अंबडच्या एका कंपनीत ट्रेनी इंजिनियर. पहिल्या वर्षभराचा पगार साठवून, वर काकांकडून थोडे घेऊन त्याने एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. पेट्रोल, १२०० सीसी, पाच गिअर, आणि हँडब्रेक जुन्या पद्धतीचा, हाताने ओढायचा. गाडी आल्यावर सिडकोतल्या घरासमोर नारळ फुटला, काकूने ओवाळलं, सगळं रीतसर. आणि अडीच महिन्यांत पुढचा डावा टायर गुळगुळीत. उजवा मात्र बऱ्यापैकी शाबूत.

आता गंमत अशी की माझे काका ३१ वर्षं सातपूरच्या टायर कारखान्यात होते. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: नाशिक म्हणजे फक्त द्राक्षं आणि कुंभमेळा नाही. सिएटचे टायर इथे बनतात, बॉशचे डिझेल नोझल इथे बनतात, महिंद्राच्या गाड्या इथे बनतात. अख्खी गाडी सातपूर-अंबडमध्येच जोडता येईल की काय, असं कधीकधी वाटतं.) तर काकांनी धाकट्याला काही विचारलंच नाही. रविवारी सकाळी पेपर बाजूला ठेवून ते गाडीजवळ उकिडवे बसले, टायरवरून तळहात फिरवला, नखाने एक कड उचकटून पाहिली आणि म्हणाले, "डावं चाक कडेच्या वाळूवर ठेवून फिरवलंस. किमान दहा-बारा वेळा."

काका टायर वाचतात, डॉक्टर एक्स-रे वाचतो तसे.

किल्ली त्याच दिवशी काकांच्या कपाटात गेली. पुढचे तीन आठवडे बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. काकूचा मला फोन, "तू मोठा आहेस, तूच काहीतरी समजाव बाबा." मी पुण्याहून शनिवारी घरी गेलो, तेव्हा कळलं की प्रकरण नुसत्या टायरचं नाही. धाकट्याच्या ग्रुपमधली पोरं रात्री बारानंतर शहराबाहेरच्या एका नव्या रुंद रस्त्यावर जमायची. तिथे एका रात्री दुसऱ्याच कोणाची तरी गाडी हँडब्रेकवर धरलेली असताना सुटली. समोर एक पोरगा मोबाईलवर शूटिंग करत उभा होता. बाजूला उडी मारली म्हणून वाचला, पण पाय घोट्यात मोडला. धाकट्याने घरी सांगितलं नव्हतं. काकांना ते मेडिकल दुकानात कोणाकडून तरी कळलं.

"काका, त्याची गाडी नव्हती ती," मी म्हणालो.

"मग? तो कुठे उभा होता?" काका.

मी गप्प.

कायद्याचं एका वाक्यात सांगून टाकतो, कारण पोरांना वाटतं फार तर पावती फाटेल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८९: सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आयटीतल्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये हे कसं दिसेल त्याचा विचार ज्याने त्याने करावा.

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडला होता. ती गाडी सुटली का? हँडब्रेक तर ओढलेला होता. धाकटा म्हणाला, "दादा, केबल ढिली असेल." मला ते पटेना. शेवटी जेवण झाल्यावर कागद-पेन घेऊन बसलो. (इंजिनियरिंगची चार वर्षं अशा वेळी वसूल होतात, नाहीतर आम्ही आयुष्यभर जेसन पार्स करणारे.)

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक फ्रंट व्हील ड्राईव्ह. इंजिन पुढे, त्यामुळे गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर. हँडब्रेक धरतो मागची चाकं, ज्यांच्यावर उरलेलं ४० टक्के. आता पुढची चाकं घसरत फिरत असली तरी ती गाडीला पुढे ओढतच असतात, घर्षण काही शून्य होत नाही. म्हणजे ६० टक्के वजनाची ओढ विरुद्ध ४० टक्के वजनाचा अडसर. रस्ता कोरडा आणि खडबडीत असेल तर केबल कितीही ताठ असू दे, मागची चाकं न फिरता फरफटत येणार! हँडब्रेक "लागलेला" असतानाच गाडी पुढे येते. जोपर्यंत चाक वाळूवर किंवा पाण्यावर आहे तोपर्यंत ओढ कमी, गाडी जागेवर. चाकाखालची वाळू उडाली, खालचं कोरडं डांबर लागलं, की संपलं. त्या रात्री नेमकं काय झालं ते मी बघितलं नाही, पण समोर उभं राहण्याची जागा ती नव्हेच, हे या हिशोबाने मला तरी पक्कं झालं.

म्हणून तर अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर सुरुवातीच्या रेषेमागे पाण्याचा चौकोन असतो. चाकं ओल्यात फिरवायला सुरू करायची. जुन्या काळी पाण्याऐवजी ब्लीच ओतायचे. पुढे ते बंद पडलं, पण त्या चौकोनाला अजूनही ब्लीच बॉक्स म्हणणारे आहेत.

डाव्या टायरचं कोडंही त्याच कागदावर सुटलं. साध्या गाडीचा डिफरन्शियल उघडा असतो, म्हणजे ज्या चाकाला पकड कमी ते चाक पळतं. डावं वाळूवर, उजवं डांबरावर, तर उजवं थांबलेलं आणि डावं एकटं फिरतंय. आणि डिफरन्शियल दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी धरतो, त्यामुळे काट्यावर ६० दिसत असताना ते एकटं चाक १२० च्या वेगाने फिरत असतं. धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याला वाटत होतं आपण साठनेच फिरवतोय!

काका सोफ्यावर टीव्ही बघत होते, पण आवाज त्यांनी कधीच कमी केला होता.

मग मी त्यांच्यासमोर विषय काढला. लोणावळ्याच्या पुढे अ‍ॅम्बी व्हॅलीची विमानांची धावपट्टी आहे. तिथे व्हॅली रन नावाची ड्रॅग स्पर्धा होते, म्हटलं, एकदा याला तिथे पळवू द्या. तिथे गाडी तपासतात, हेल्मेट लागतं, बघणारे कठड्यामागे, अँब्युलन्स उभी. आणि धावपट्टीवर शर्यत हे काही आपल्याकडचं जुगाड नाही. अमेरिकेत या खेळाची पहिली व्यावसायिक स्ट्रिप १९५० साली कॅलिफोर्नियात सँटा अ‍ॅना इथे सुरू झाली, तीही विमानतळाच्या धावपट्टीवरच. (नाशिकला दोन धावपट्ट्या आहेत. एक ओझरला, दुसरी गांधीनगरला लष्कराची. दोन्हीकडे आपल्याला कोणी चहासुद्धा विचारणार नाही.)

काका म्हणाले, "बर्नआऊट करणार?"

"करावाच लागतो, पप्पा. सगळे करतात," इति धाकटा. तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य!

"तुझ्या टायरला काही उपयोग नाही त्याचा."

आणि मग काकांनी जे सांगितलं ते मला इंटरनेटवर इतकं नीट कुठे सापडलं नव्हतं. टायरचं रबर म्हणजे नुसतं रबर नाही. त्यात कार्बन ब्लॅक असतं, सिलिका असते, तेल असतं, आणि गंधक. साच्यात घालून दाब आणि उष्णता दिली की गंधक रबराच्या लांबच लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतं. हे व्हल्कनायझेशन चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं. त्याआधी रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. ड्रॅगचा स्लिक टायर मुद्दाम मऊ मिश्रणाचा बनवतात. त्याला नक्षी नसते, तो तापवायलाच बनवलाय, आणि लवकर संपायलाही. रोजच्या गाडीचा रेडियल टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालावा म्हणून बनवलेला. त्याला जास्त तापवलं तर वरच्या थरातलं तेल बाहेर येतं, पृष्ठभाग तुपकट होतो, आणि गार झाल्यावर पूर्वीपेक्षा कडक. "भाकरी नाही ती परत परत शेकायला," काका म्हणाले. "दोन सेकंद फिरव, खडे झटक, बास. धूर दिसला की समज, पैसे गेले."

काका तयार झाले. अट एकच, की ते स्वतः येणार.

मधल्या महिन्यात धाकट्याने द्वारकेपलीकडच्या एका मिस्त्रींकडून क्लच प्लेट बदलून घेतली, सात हजारांच्या आसपास गेले, आणि पुढचे दोन टायर नवीन. शनिवारी संध्याकाळी एका रिकाम्या खाजगी प्लॉटवर, मालकाला विचारून, मी त्याला मॅन्युअल गाडीची पद्धत नीट करायला लावली. इथे थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर आधी बंद. काही नव्या गाड्यांत बटण दाबलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, आणि हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक असेल तर हा उद्योग विसरा. चाकं सरळ. हँडब्रेक पूर्ण वर, आणि बटणावर अंगठा तयार. पहिला गिअर. इंजिन चार हजार आरपीएमच्या आसपास न्यायचं आणि क्लच एका झटक्यात सोडायचा. इथेच नवशिके गडबडतात. जपून, हळूहळू सोडला तर चाक फिरतच नाही, क्लच प्लेट घासते आणि तो वास... ज्यांनी कसारा घाटातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी अर्ध्या क्लचवर धरली आहे त्यांना तो वास माहीत आहे. बर्नआऊटमध्ये घसरायचं ते टायरने, क्लचने नाही. चाक सुटलं की पाय अ‍ॅक्सिलरेटरवर स्थिर. संपवतानाही पद्धत आहे: आधी क्लच दाबायचा, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. उलटं केलंत आणि फिरतं चाक एकदम चिकटलं तर सगळा झटका ड्राईव्हशाफ्ट आणि त्याच्या सांध्यावर.

व्हिडिओत बरेच जण दुसऱ्या गिअरमध्ये करताना दिसतात. पाच हजार आरपीएमला आमच्या गाडीची चाकं पहिल्यात सुमारे ४० च्या वेगाने फिरतात, दुसऱ्यात ७५ च्या. चाकाचा वेग जास्त, म्हणून उष्णता लवकर. पण चाकावर पोचणारा जोर जवळजवळ निम्मा होतो. १२०० सीसीचं इंजिन कोरड्या रस्त्यावर दुसऱ्यात प्रयत्न केला तर खाड्कन बंद पडतं. मोठ्या इंजिनवाल्यांची कामं त्यांनाच करू द्यावीत.

बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर हँडब्रेक ज्या चाकांना धरतो तीच चाकं फिरवायची असतात, म्हणजे तो बाद. पेडल तीन आणि पाय दोन. त्यासाठी शर्यतवाले लाईन लॉक बसवतात. पुढच्या ब्रेकच्या नळीत एक व्हॉल्व्ह, बटण दाबलं की फक्त पुढचे ब्रेक दाबलेले राहतात. ज्यांच्याकडे तो नाही ते क्लच सोडल्यावर रिकामा झालेला डावा पाय ब्रेकवर नेतात. ऐकायला सोपं वाटतं. करायला तबलजीचे पाय लागतील.

शर्यतीच्या दिवशी पहाटे तीनला निघालो. सिन्नर, संगमनेर, नारायणगावला चहा, चाकण, तळेगाव, लोणावळा, आणि भुशी धरणावरून वर. साधारण अडीचशे किलोमीटर. मागच्या सीटवर काका, मांडीवर कापडी पिशवी, त्यात हवा मोजायचं गेज आणि काकूने दिलेले पराठे. रांगेत आमच्या पुढे-मागे कसल्या कसल्या गाड्या होत्या काय सांगू! एका पोराच्या गाडीचे मऊ टायर काकांनी परवानगी काढून नखाने दाबून पाहिले. "सुंदर माल आहे," म्हणाले, "पण हे घेऊन सातपूरहून नाशिकरोडलाही जाऊ नकोस." तो पोरगा हसला. नंतर तासाभराने तोच काकांना हवा किती ठेवू विचारायला आला.

एक गोष्ट मला तिथे फार आवडली. घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही, तुमचं चाक किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. त्यामुळे तुम्ही दिव्यावर अर्धा सेकंद झोपलात तर शेजारचा आधी पोचेल, पण तुमच्या वेळेत ते धरलं जात नाही. रिस्पॉन्स टाईम आणि एक्झिक्युशन टाईम वेगळे! आमच्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी हे समजावून सांगावं.

पहिली धाव साधी, काहीही न करता. १८.६ सेकंद, पहिल्या ६० फुटांना २.९. दुसऱ्या वेळी धाकट्याला राहवलं नाही. सगळे धूर काढतायत, याने पण काढला, चांगला सात-आठ सेकंद. बघणारे ओरडले, शिट्ट्या वाजल्या, काकांनी तोंड फिरवलं. सुटताना चाक जागेवरच भिरभिरलं. ६० फुटांना ३.१, एकूण १८.९. इतका धूर काढून आधीपेक्षा हळू!

परत आला तेव्हा काका काहीच बोलले नाहीत. टायर गार होऊ दिला, पुढची हवा ३३ वरून २८ वर आणली, तळहाताने नक्षीतला एकेक खडा चाचपला. फ्रंट व्हील ड्राईव्ह गाडी सुटताना नाक वर उचलते आणि नेमकी ओढणारी चाकंच हलकी होतात. म्हणून मी मागे ठेवलेलं स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन हे सगळं उतरवून ठेवलं. "दोन सेकंद," काका खिडकीतून आत वाकून म्हणाले. "मोजून."

तिसरी धाव: दोन सेकंद चाक फिरवलं, धूर असा नाहीच. तीन हजारावर क्लच पकडीपर्यंत सोडला, क्षणभर तिथेच धरला, मग पूर्ण सोडला. ६० फुटांना २.७. एकूण १८.३.

बाकीच्या गाड्यांसमोर १८.३ म्हणजे बैलगाडी. आमच्या गटात आम्ही खालून दुसरे आलो. पण पहिल्या आणि तिसऱ्या धावेतला तो ०.३ सेकंदांचा फरक धाकट्याने संगमनेरपर्यंत किमान सोळा वेळा उच्चारला असेल. त्यातला किती हवेचा, किती क्लचचा आणि किती त्या दोन सेकंदांचा, यावर बापलेकाचा जो वाद सुरू झाला तो सिन्नर आलं तरी संपेना. मी मागच्या सीटवर गार पराठा खात बसलो होतो.

मोहदरी घाट उतरल्यावर काका म्हणाले, "तो पाय मोडलेला पोरगा, त्याचं प्लास्टर निघालं का?"

"पुढच्या आठवड्यात निघेल," धाकटा म्हणाला.

"पुढच्या वेळी त्याला घे बरोबर. मागे जागा आहे. मोबाईल आणू दे, पण उभं राहायचं कठड्याच्या मागे."